जुन्या जीपचें अंग

वर्धा जिल्ह्यांतील काळ्या जमिनीच्या एखाद्या गांवीं, समजा देवळी किंवा समुद्रपूर तालुक्यांत, गोठ्याच्या कडेला एक जुनी जीप उभी आहे अशी कल्पना करावी. तिच्या बोनेटावर कोंबड्या बसतात आणि मागल्या बाजूस सरकीचीं पोतीं रचलेलीं असतात. इंजिन अजून धड आहे. पुढून हँडल मारलें तर कदाचित् सुरूही होईल. परंतु चालकाच्या पायांखालचा पत्रा इतका खाल्ला गेला आहे कीं त्यांतून खालची माती दिसते. घरांतील वडील मंडळींना ती मोडीत घालवत नाहीं आणि तरुण मंडळींना ती पुन्हां रस्त्यावर आणावयाची आहे. अशा वेळीं पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो. इंजिनाचे भाग बाजारांत मिळतात, न मिळाल्यास कांतून घेतां येतात. खरी अडचण येते ती गाडीच्या अंगाची. हा पत्रा कोठून आणावा, आणि आणलाच तर किती पत्रा बदलेपर्यंत ती गाडी तीच राहिली असें म्हणावें?

जीप ही मोटार कीं ट्रक, असा प्रश्न पुष्कळांना पडत असेल. अमेरिकन सैन्याच्या दप्तरीं तिची नोंद ‘पाव टनी ट्रक’ अशीच होती. १९४१ ते १९४५ या काळांत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लक्षांहून अधिक जीपा बांधल्या. मूळ आराखडा एकच असल्यामुळें एकीचा भाग दुसरीस बसे, आणि रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करतां येई. महायुद्ध संपल्यावर हिंदुस्थानांत राहिलेलें लष्करी सामान विक्रीस निघालें आणि ‘डिस्पोझलची गाडी’ हा शब्द घरोघर परिचयाचा झाला. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र या नांवानें चाललेल्या कंपनीनें विलीजच्या जीपा मुंबईस जोडण्याचें काम हातीं घेतलें. पुढें ती त्या येथेंच बनवूं लागली. त्यामुळें आज जी जुनी जीप गांवोगांव आढळते तिच्यांत दोन कुळें मिसळलेलीं असतात: एक युद्धकालीन लष्करी जीपचें आणि दुसरें नंतरच्या नागरी जीपचें.

अंगाचा भाग शोधावयास निघण्यापूर्वीं आपली गाडी कोणत्या कुळांतील आहे हें ओळखणें आवश्यक असतें. कारण येथें चूक झाली तर सारा खर्च वायां जातो. लष्करी जीपच्या तोंडावरील जाळीस नऊ उभ्या फटी असतात. नागरी जीपच्या जाळीस सात. लष्करी गाडीचे दिवे लहान असून जाळीच्या मागें आंत बसविलेले असतात आणि ते उलटे फिरवून रात्रीं इंजिनावर उजेड पाडतां येतो. नागरी गाडीचे दिवे मोठे असतात. लष्करी गाडीस मागें उघडणारें फाळकें नाहीं. नागरी गाडीस तें आहे. लष्करी गाडींत पेट्रोल चालकाच्या बैठकीखालीं असलेल्या टाकींत बैठक उचलून ओततात, तर नागरी गाडीच्या अंगास त्यासाठीं बाहेरून तोंड ठेवलेलें असतें. विलीज आणि फोर्ड यांच्यांतील भेद याहून बारीक आहे. विलीजच्या चासीची पुढची आडवी दांडी नळीसारखी गोल असते, फोर्डची उपड्या पन्हळीसारखी. शिवाय फोर्डनें आपल्या लहानसहान भागांवर, अगदीं बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धां, ‘एफ’ हें अक्षर उठविलें होतें. चिखलाचा थर खरवडतांना असें एखादें अक्षर हातीं लागलें म्हणजे गाडीची जन्मपत्रिका सांपडल्याचा आनंद होतो.

आतां गंजाकडे वळूं. जीपचें अंग पातळ पत्र्याचें आणि उघडें. विदर्भांतील पावसाळ्यांत चाकांनीं उडविलेली चिकण काळी माती तळाच्या कोनाकोपऱ्यांत जाऊन बसते आणि बाहेरचा रस्ता वाळला तरी ती आंत ओल धरून राहते. लोखंडास पाणी आणि हवा दोन्ही एकदम मिळालीं कीं गंजास आणखी कांहीं लागत नाहीं. परंतु लष्करी जीपच्या बाबतींत घरभेदी आणखी एक आहे. तिच्या तळाखालीं बळकटीसाठीं लांब पन्हळी जोडलेल्या असून त्यांच्या पोकळींत लांकडाचे ठोकळे भरलेले असतात. पत्र्यास आधार मिळावा हा त्यांचा हेतु. पण लांकूड पाणी शोषून घेतें आणि पन्हळ आंतून कुजत जाते. वरून रंग तुळतुळीत दिसत असतांना तळ बोटानें दाबला तर आंत जातो, त्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें.

या रोगावर तीन उपाय आहेत. पहिला, जें सडलें तेवढेंच कापून तेथें नवा पत्रा जोडणें. हा उपाय सर्वांत सावकाश चालणारा आणि सर्वांत प्रामाणिक. येथें चांगला मिस्त्री आणि घाईचा मिस्त्री यांतील अंतर तत्काळ कळतें. घाईचा मिस्त्री भोंकावर ठिगळ चढवितो, वर लांबी फांसतो आणि रंग मारून गाडी ताब्यांत देतो. ठिगळाच्या व जुन्या पत्र्याच्या मधल्या फटींत पाणी शिरतें आणि दोन पावसाळ्यांत भोंक पूर्वीपेक्षां मोठें होऊन वर येतें. चांगला मिस्त्री स्वच्छ चकचकीत धातु लागेपर्यंत पत्रा कापीत जातो, पुठ्ठ्याचा फर्मा करून त्याबरहुकूम नवा तुकडा कापतो आणि तो कडेस कड लावून बसवितो. वेल्डिंग करतांना तो एका दमांत लांब रेघ ओढीत नाहीं. कारण पातळ पत्रा तापला कीं पापडासारखा वांकतो. तो येथें एक टांका, तेथें एक टांका, असे दूर दूर टांके घालीत, मधून पत्रा निवूं देत, शेवटीं सर्व टांके एकमेकांस मिळवितो. तळ कापण्यापूर्वीं तो अंगाच्या आंतून लोखंडी अँगल आडवे-तिरपे जोडून घेतो; नाहीं तर तळ निघतांच दोन्ही बाजू फांकतात आणि मग कांहींच जागेवर बसत नाहीं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपें माप घ्यावें आणि दोन्ही तिरपीं मापें सारखीं येतात कीं नाहीं तें पाहावें, ही सुताराची जुनी रीत येथेंही उपयोगी पडते.

या कामीं जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरावा असा मोह होतो, कारण तो गंजत नाहीं. परंतु वेल्डिंगच्या आंचेनें जस्ताचा धूर निघतो आणि तो कारागिराच्या प्रकृतीस अपायकारक असतो. साधा पत्रा घेऊन त्यास आंतून-बाहेरून नीट प्रायमर देणें अधिक बरें. पन्हळींतील लांकडाच्या जागीं विदर्भांतील सागवान घालतां येतें. तें मुरलेलें असावें, त्यास तेल पाजलेलें असावें, आणि पन्हळीस पाणी निथळण्यासाठीं भोंकें ठेवलेलीं असावीं.

दुसरा उपाय म्हणजे दुसऱ्या गाडीचें अंग घेणें. मुंबईस कुर्ल्याचा भंगार बाजार आणि दिल्लीस मायापुरी हीं ठिकाणें या कामासाठीं सर्वश्रुत आहेत. परंतु तेथें जाणाऱ्यानें हातांत माप धरून जावें. भारतांत पुष्कळ काळ चाललेल्या ‘सी. जे. ३ बी’ या जीपचें इंजिन उंच असल्यामुळें तिचें बोनेट आणि तिची जाळी हीं दोन्ही उंच आहेत. तीं लष्करी जीपवर बसविलीं तर मुकुट एकाचा आणि डोकें दुसऱ्याचें असा प्रकार होतो. लष्करी जीपची पुढची काच दोन भागांची असते आणि ती बोनेटावर आडवी पाडतां येते; ती टेंकावी म्हणून बोनेटावर लांकडाचे दोन ठोकळे बसविलेले असतात. १९४९ च्या सुमारास आलेल्या ‘सी. जे. ३ ए’ या नागरी जीपची काच एकसंध आहे. म्हणजे नांव एक, कूळ एक, तरीही एकीचा सदरा दुसरीच्या अंगास होतोच असें नाहीं.

तिसरा उपाय सर्वांत झटपट: सबंध नवें अंग आणणें. हरियाणांतील मंडी डबवाली येथें उघड्या जीपा बांधण्याचा धंदा प्रसिद्ध आहे. समुद्रापार पाहिलें तर फिलिपीन्समध्यें युद्धकालीन जीपचीं संपूर्ण नवीं अंगें तयार होतात आणि जगभर जातात. फिलिपीन्सनेंही अमेरिकनांनीं मागें टाकलेल्या जीपांवरच आपला धंदा उभारला, हा योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. परंतु नवें अंग आलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. लष्करी जीप डाव्या हाताच्या सुकाणूची. येथील जीप उजव्या हाताची. येथील मापाचें अंग जुन्या लष्करी चासीवर चढविलें तर पायदाबांचीं भोंकें आणि सुकाणूच्या दांड्याची वाट हीं सर्व दुसऱ्या बाजूस येतात. ती जुळवाजुळव करतांना नवा पत्रा पुन्हां कापावा लागतो, आणि पहिल्या उपायांतलेंच कौशल्य पुन्हां हवेंच.

लष्कराच्या इतर जुन्या वाहनांविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. जबलपूरच्या कारखान्यांत जर्मन परवान्यानें बनलेला शक्तिमान ट्रक १९९६ पर्यंत आणि निस्सान पेट्रोल या जपानी गाडीवरून घेतलेली जोंगा १९९९ पर्यंत तयार होत होती. जोंगाची बहीण असलेली जपानी गाडी ऑस्ट्रेलियांतही विकली जात असे. म्हणून तिच्या अंगाचा एखादा दुर्मिळ भाग तेथून मिळण्याची आशा धरतां येते. शक्तिमानच्या अंगास मात्र हातोडी आणि फर्मा हाच आधार.

येथपर्यंतचा विचार कारागिरीचा झाला, आतां कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें कारखान्यानें ठरविलेल्या स्वरूपाशीं विसंगत असे फेरबदल करण्यास मनाई केली आहे, आणि जानेवारी १९१९ नव्हे, जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती मनाई कडकपणें उचलून धरली. त्यानंतर २०२१ सालीं केंद्र सरकारनें पुरातन वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षें उलटून गेलेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी गाडी या वर्गांत येऊं शकते. तिला ‘व्ही. ए.’ हीं अक्षरें असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क ठरविण्यांत आलें. मात्र अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी आणि तिच्या चासींत, अंगाच्या सांगाड्यांत किंवा इंजिनांत भरीव फेरबदल झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शनास, मेळाव्यास, दुरुस्तीस नेतां येते. नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरास नाहीं.

या अटींतच गोठ्यांतील जीपचें भवितव्य गुंतलेलें आहे. ज्या पत्र्याच्या आधारानें ती ‘जुनी’ ठरावयाची तोच पत्रा सडला आहे. तो तसाच ठेवावा तर गाडी उभी राहत नाहीं. सगळा फेंकून नवा चढवावा तर जुनेपणाचा हक्क संकटांत येतो. म्हणून शहाणा मालक करवत लावण्यापूर्वीं प्रत्येक बाजूचीं छायाचित्रें काढून ठेवतो, चासीवरील क्रमांक कागदपत्रांशीं पडताळून पाहतो, कापलेले मूळ तुकडे खुणा करून जपतो, आणि परिवहन कार्यालयांत आधीं विचारून घेतो. जेवढें वांचवितां येईल तेवढें वांचवावें आणि जें घालावें तें मूळ आकाराचेंच घालावें, या मार्गानें कारागिरी आणि कायदा यांची वाट एकच होते.

वर्ध्याच्या भूमींत हा विचार परका नाहीं. येथील बैलगाडी पिढ्यान् पिढ्या याच न्यायानें चालत आली. सुतारानें आरे बदलले, लोहारानें तापवून नवी धांव चढविली, एका वर्षीं जूं नवें आलें, दुसऱ्या वर्षीं कणा; तरी घरांत ती ‘आजोबांची गाडी’च राहिली. तिचा आकार टिकला, तिचा उपयोग टिकला आणि ती दुरुस्त करणारा हात गांवांत टिकला. मगनवाडींत १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि जे. सी. कुमारप्पा यांनीं तेथें ग्रामीण कारागिरांच्या विद्येला शास्त्राची जोड देण्याचें काम केलें. १९३८ सालीं मगन संग्रहालय उघडलें. सेवाग्रामची अशीही एक आठवण सांगतात कीं, जमनालाल बजाज यांच्या घरची जुनी फोर्ड गाडी बैल जुंपून ओढली जाई आणि इंग्रजींत बैलास ‘ऑक्स’ म्हणतात म्हणून तिला विनोदानें ‘ऑक्सफर्ड’ हें नांव पडलें होतें. त्या गाडींत अंग राहिलें आणि इंजिन गेलें. गोठ्यांतल्या जीपचें इंजिन राहिलें आणि अंग चाललें आहे.

अडचण आहे ती पत्र्यापेक्षां हाताची. हातोडीनें पत्रा गोलावणारा, कानानें ठोक्याचा आवाज ओळखणारा मिस्त्री आतां वयानें थकत चालला आहे, आणि त्याच्या मुलास तयार भाग बसविण्याचें काम अधिक सोपें व किफायतीचें वाटतें. त्यांत त्याचा दोष नाहीं. परंतु एक जीप नीट उभी करण्यास लागणारे महिने जर कोणी तरुण अशा मिस्त्रीच्या शेजारीं बसून काढील, तर गाडीबरोबर ती विद्याही गोठ्यांतून बाहेर येईल. मग वर्ध्याच्या एखाद्या मेळाव्यांत ती जीप येईल तेव्हां तिच्या तळाकडे वांकून पाहणाऱ्यास नवा पत्रा कोठें संपतो आणि जुना कोठें सुरू होतो हें सहज सांगतां येणार नाहीं. पण मालकाजवळ तें दाखविणारीं छायाचित्रें असतील आणि मिस्त्रीजवळ तें सांगणारा शिष्य असेल.