दोन गठ्ठ्यांतला फरक



समजा, तुमच्यापुढे अभंगांचे दोन गठ्ठे ठेवले. एकात फक्त तुकोबांचे, दुसऱ्यात इतर संतांचे. पहिल्या गठ्ठ्यात जागोजागी सापडेल आणि दुसऱ्यात सहसा सापडणार नाही, असा मजकुराचा तुकडा कोणता? ‘तुका म्हणे’, तुम्ही लगेच सांगाल. नुसतं ‘म्हणे’ चालणार नाही, कारण ‘नामा म्हणे’ आणि ‘चोखा म्हणे’ दुसऱ्या गठ्ठ्यात आहेतच. पण ही नाममुद्रा आपल्याला आधीच ठाऊक होती. ठाऊक नसती, तर संगणकाने ती कशी हुडकावी?

शब्द मोजून, असं पटकन सुचतं. मराठीत घोडं तिथेच अडतं. घर, घरात, घराला, घरापासून हे शब्द मोजणाऱ्याच्या लेखी चार निराळे शब्द. त्यापेक्षा मजकूर म्हणजे अक्षरांची सलग माळ धरावी आणि तिचा प्रत्येक तुकडा तपासावा. मात्र दहा लाख अक्षरांच्या माळेत असे तुकडे निघतात सुमारे ५० हजार कोटी!

हे काम आवाक्यात आणलं १९७३ साली संगणकशास्त्रज्ञ पीटर वीनर यांनी. ‘कटकट’ हा शब्द घ्या. प्रत्येक अक्षरापासून शेवटापर्यंतची शेपटी लिहा: कटकट, टकट, कट, ट. आता त्या शब्दकोशातल्यासारख्या लावा: कट, कटकट, ट, टकट. सारख्या सुरुवातीच्या शेपट्या आपोआप शेजारी आल्या. ‘कट’ दोनदा आहे हे डोळ्यांनाच दिसतं. मजकुराचा कुठलाही तुकडा ही कुठल्यातरी शेपटीची सुरुवातच असते. सारख्या सुरुवाती एकत्र जोडल्या की फांद्यांचं झाड तयार होतं. दहा लाख अक्षरांच्या झाडाला सांधे २० लाखांहून कमी. दोन सांध्यांमधल्या फांदीवरचे सगळे तुकडे नेमके त्याच त्या अभंगांत असतात, म्हणून तपासायचे ते फक्त सांधे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्यासारख्या जाणत्याला १९७० मध्ये वाटत होतं, की दोन मजकुरांतला सर्वांत लांब सामाईक तुकडा इतक्या झटपट काढता येणारच नाही. या झाडाने तो काढून दाखवला.

आणखी एक पेच आहे. एकाच अभंगात ‘विठ्ठल’ दहा वेळा आला, तरी अभंग एकच मोजायला हवा. ल्यूकस हुई यांनी १९९२ मध्ये दिलेली युक्ती मला फार सुंदर वाटते. प्रत्येक शेपटीला एक गुण द्यायचा. मग झाडाच्या क्रमाने एकाच अभंगाच्या लागोपाठच्या दोन शेपट्या ज्या सांध्यावर प्रथम भेटतात, तिथे एक गुण वजा करायचा. खालून वर बेरीज करत गेलं की प्रत्येक सांध्यावर निरनिराळ्या अभंगांची संख्या उरते. दोन्ही गठ्ठ्यांचे आकडे शेजारी ठेवले, की फरक करणारे तुकडे हाती लागतात.

देवनागरीत जपावं लागतं. संगणक ‘कि’ दोन खुणांत साठवतो, आधी क आणि मग वेलांटी. मधूनच कापलं तर नुसत्या वेलांटीने सुरू होणारा तुकडा हातात येतो.

त्याहून मोठी फसगत छापील प्रतींची. एका गठ्ठ्याची प्रत जुने अनुस्वार राखणारी असली आणि दुसरीत ते १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे गाळलेले असले, तर यंत्र ‘केलें’मधला ‘लें’ उचलून मोठ्या विश्वासाने आपल्यापुढे ठेवील. तो अनुस्वार प्रत छापणाऱ्याचा. कवीची ओळख त्यातून पटत नाही. म्हणून झाड उभं करण्याआधी कुणालातरी बसून दोन्ही प्रतींचं लेखन ताडून पाहावं लागतं.