साथ गेली, मनातली गेली का?

(कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कोल्हापूर हा पाण्याचा, उसाचा जिल्हा. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून तुम्ही इतक्या लांब आलात. भावाचं बोलून झालं, कर्जाचं बोलून झालं. आता जे आपण बैठकीत कधीच बोलत नाही ते बोलायचं आहे. कोरोनाची साथ ओसरली, पण माणसांच्या मनात ती काय ठेवून गेली?

मे २०२० मध्ये मुंबईची माणसं या जिल्ह्यातल्या शाहूवाडी, आजरा, चंदगडकडच्या गावांत परतली. ज्या पोराच्या पगारावर घर चाललं, त्याला गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. तो नियम होता. पण चौदा दिवस सरल्यावरही शेजाऱ्यांनी त्याच्या घराकडे पाठ फिरवली, ती कुठल्या नियमानं? पुढं २०२१ ची दुसरी लाट आली. इतरत्र रुग्ण कमी होऊ लागले तरी जून-जुलैत कोल्हापुरात ते हटेनात. त्यातच जुलैअखेर पंचगंगेचा महापूर. २०१९ च्या पुरातून माणसं अजून सावरली नव्हती.

आपल्याकडे पूर नव्हता, कापूस होता. २४ मार्च २०२० ला टाळेबंदी जाहीर झाली, खरेदी थांबली. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ५५५० रुपये, पण तो कागदावर. कापूस घरात आणि पाऊस तोंडावर. पुढच्या वर्षी कुणाचं माणूस दवाखान्यात गेलं, ते परत आलंच नाही.

गावात माणूस गेलं की आपण काय करतो? शेजारून भाकरी येते. पाहुणे येऊन बसतात, गेलेल्याचं बोलतात, घरच्यांना रडू देतात. दहाव्यापर्यंत दार लागत नाही. आपल्या म्हाताऱ्यांनी शोधलेलं हे मनाचं औषधच होतं. कोरोनात ते बंद झालं. अंत्यविधीला वीसच माणसं, तोंड पाहायला मिळालं नाही, कित्येकांना अग्नी परक्यानं दिला. ज्या घरात रडणंच राहून गेलं, तिथलं दुःख आजही आत बसलेलं आहे.

हे नवीन नाही. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगात घरझडतीच्या भीतीनं लोक रोगी लपवत. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थानातही प्लेग आला, गावं ओस पडली, माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. माणूस माणसाला भिऊ लागला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मात्र रोग्यांजवळ गेल्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगानंच वारल्या.

आता आमची चूक सांगतो. दुसऱ्या लाटेनंतर आम्ही एका कापूसवाल्या भावाकडे गेलो. बायको कोरोनात गेलेली. पेरणीचे दिवस, बियाण्याची पिशवी न फोडता कोपऱ्यात. आम्ही तासभर पीककर्जाचं बोललो आणि निघताना म्हणालो, ‘मन घट्ट करा.’ तो महिनाभर झोपलेला नव्हता, हे आम्ही विचारलंच नाही. ते त्याच्या बहिणीनं विचारलं, हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, म्हणून तो आज शेतात उभा आहे.

आत्महत्येला कुणी मनाचा आजार म्हटलं की आम्ही चिडायचो. कर्ज आणि भाव झाकायला ते सोयीचं पडतं, हे खरंच आहे. तोट्याची शेती हे मूळ, यावर आम्ही आजही ठाम आहोत. पण कपाशीवर लाल्या आला तर ‘झाड नाटक करतंय’ असं आपण म्हणतो का? मॅग्नेशियम कमी पडलं, नत्र कमी पडलं, पाण्याचा ताण बसला, हे शोधतो आणि फवारणी करतो. माणसाच्या वेळीच ‘मन घट्ट कर’ का?

म्हणून गावी गेल्यावर तीन कामं करा.

पहिलं, साथीत माणूस गेलेल्या घरी आता जा. उशीर झाला म्हणून लाजू नका. गेलेल्याचं नाव घेऊन बोला.

दुसरं, ज्याची झोप, भूक दोन आठवडे हरवली, जो पाराकडे फिरकेना, कामात लक्ष घालीना, त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. कीटकनाशकाचे डबे त्या घरातून हलवा.

तिसरं, त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. प्राथमिक आरोग्य केंद्रात, आशाताईकडे जिल्ह्याच्या मानसोपचार डॉक्टरांची चौकशी करा. रात्री-अपरात्री १४४१६ वर फोन लावा. ‘टेलिमानस’ ही सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. हा नंबर सोसायटीच्या भिंतीवर रंगवा.

भाव मागायचाच आहे, कर्जमुक्ती मागायचीच आहे. पण ते मागायला माणूस जिवंत आणि शुद्धीवर पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावातल्या किती घरी जाऊन आलात ते सांगा. आमचा हिशेब आम्हीही देऊ.