निनावी कट्यारीचे कूळ

जुन्या वाड्यातील पेटीच्या तळाशी एखादे वेळी एक कट्यार सापडते. तीवर नाव नाही, साल नाही, कारागिराची मुद्राही नाही. घरातील वडील मंडळी ती पानिपतावरून परत आल्याचे सांगतात. व्यापारी तर एका दृष्टिक्षेपात तिला शिवकालीन ठरवून मोकळा होतो. दोघांचेही म्हणणे क्षणभर बाजूस ठेवून खुद्द शस्त्राची साक्ष काढणे इष्ट होय.

प्रथम मूठ पाहावी. दोन उभ्या दांड्यांमधील आडवी पकड हातात धरली की पाते बोटांच्या पेरांपुढे सरळ येते, हे कट्यारीचे वैशिष्ट्य. मोगली घडणीत या उभ्या दांड्या बहुधा साध्या व सरळ असतात, आणि चिलखत भेदावे म्हणून पात्याचे टोक पुष्कळदा जाड ठेवलेले असते. तंजावरकडील जुन्या कट्यारीस मात्र हाताच्या पाठीवर नागफणीसारखे वळलेले लोखंडी आवरण आढळते. त्यावरील नक्षीकाम मोठे देखणे असते.

तथापि एवढ्यावरून निकाल देणे धाडसाचे ठरेल. मूठ एका देशीची आणि पाते दुसऱ्या देशीचे, असा प्रकार फार. दक्षिणेतील अनेक कट्यारींची पाती म्हणजे युरोपी तलवारींचे तुकडेच होत. ते मुठीस खिळ्यांनी जखडलेले असतात. समुद्रमार्गे आलेल्या अशा पात्यांच्या सरळ तलवारीस मराठ्यांनी ‘फिरंग’ हे नाव दिले. पात्यावरील पन्हळी मुठीपाशी मध्येच तोडल्यासारख्या दिसल्या, तर ते मूळच्या लांब तलवारीचे असावे असा संशय घ्यावा. पात्यावर नाव असते तरी काम सोपे झाले असते असेही नाही. आंद्रेआ फेरारा या इटालियन कारागिराचे नाव इतके गाजले की परक्या कारखान्यांतील पात्यांवरही ते सर्रास कोरले गेले!

खुणांचीही तीच गत. बिकानेरच्या शस्त्रागारातील कित्येक शस्त्रांवर ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरे आहेत. त्यांपैकी काही शस्त्रे सन १६८९ मध्ये दक्षिणेतील अदवानीहून आली. ती अक्षरे शस्त्र कोठे ठेवले होते हे सांगतात, कोठे घडले हे नव्हे.

खरा घात होतो तो घरच्या स्वच्छतेने. चिंच, लिंबू किंवा वाळूने पाते लख्ख केले की त्यावरील जौहर, म्हणजे मुशीत सिद्ध केलेल्या पोलादाची नागमोडी जाळी, पुसट होते. सोन्याच्या तारेचे अवशेष जातात, खिळ्यांभोवतालचा जुना गंज जातो, आणि जोड मूळचा की मागाहून केलेला हे कळण्याचा मार्गच खुंटतो. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. म्यान फाटके असले तरी टाकू नये. मग मूठ, पाते व जोड यांची निरनिराळी छायाचित्रे काढून पुण्याच्या केळकर संग्रहालयातील वा चेन्नईच्या सरकारी संग्रहालयातील शस्त्रांशी ती ताडून पाहावी. परदेशी ग्राहकाच्या पत्रास उत्तर धाडण्यापूर्वी सन १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदाही वाचावा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही.