डाग ओळखा, भिजवा आणि मग हात लावा



गाडीच्या रंगावर आणि काचांवर घट्ट बसलेले डाग कसे काढायचे, हा आजचा विषय. व्याख्यानाला हा विषय कसा काय, असे काहींना वाटले असेल. पण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गाडी म्हणजे अनेक घरांचे पोट आहे. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या रस्त्यांवर धावणारी प्रवासी जीप, कल्याणच्या बाजार समितीत भाजी घेऊन जाणारा पिकअप, आसनगाव स्टेशनबाहेर उभी असलेली इको, या गाड्या बहुतेक कर्जावर घेतलेल्या असतात. हप्ते फिटतात तेव्हा गाडीचा रंग कसा राहिला आहे, यावर तिची पुढची किंमत ठरते. काचेचा प्रश्न तर याहून मोठा आहे. कसारा आणि माळशेज हे दोन्ही घाट आपल्या दाराशी आहेत, आणि तिथल्या धुक्यात नि पावसात काचेवरचा तेलकट थर जिवावर बेतू शकतो.

मला आज एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. डागामुळे गाडीचे जितके नुकसान होते, त्याहून जास्त नुकसान तो डाग घाईने आणि जोर लावून काढताना होते. ते का, हे समजण्यासाठी आधी रंगाची रचना पाहू.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर असतो, त्यावर प्राइमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. हे थर भट्टीत भाजून पक्के केलेले असतात. गाडीला चकाकी देणारे लॅकर साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचे असते, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. आपण ज्याला ‘पॉलिश मारणे’ म्हणतो, त्यात याच थराचा थोडा अंश घासून जातो. तो पुन्हा उगवत नाही. आपल्याकडच्या धुळीत, विशेषतः वाळूच्या कणांत, क्वार्ट्झ असते आणि ते काचेपेक्षाही कठीण असते. धूळ बसलेल्या बॉनेटवर कोरडे फडके फिरवले की रंगावर बारीक गोल चरे पडतात. उन्हात दिसणारी ती जाळी बहुतेक वेळा आपल्याच हाताने विणलेली असते.

म्हणून पहिला नियम असा की धूळ पाण्याने उतरवायची, फडक्याने नाही. दुसरा नियम घरातल्या बायाबापड्यांना सांगायला नको. करपलेले भांडे आपण लगेच घासायला घेत नाही, आधी भिजत घालतो. गाडीवरचा डागही तसाच हाताळायचा. भिजवायचा मात्र त्याला मानवणाऱ्या पदार्थात. साखर पाण्यात विरघळते, डांबर तेलात विरघळते आणि क्षार आंबटात विरघळतात. एवढे ध्यानात राहिले तरी निम्मे काम झाले.

आता आपल्या अंगणातलेच उदाहरण घेऊ. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की सकाळी टपावर आणि काचेवर चिकट ठिपक्यांचा सडा पडलेला असतो. हा झाडाचा चीक नव्हे. मोहोरावरचे तुडतुडे रस शोषतात आणि गोड चिकटा टाकतात, तोच हा. तो साखरेचा असल्याने कोमट पाण्याने सहज निघतो. तसाच राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते आणि काम वाढते. त्याच आंब्याच्या देठातून गळणारा चीक मात्र तेलकट आणि राळेसारखा असतो. त्यावर कितीही पाणी ओता, तो हलत नाही. त्याला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस लावून मिनिटभर धरायचा आणि मऊ झाला की टिपून घ्यायचा. झाड एकच, पण त्याखालच्या दोन डागांना दोन वेगळे उपाय लागतात.

पाखरांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण रंग खराब करण्यात तिचा हात मोठा आहे. पाखरांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते. मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाचे बॉनेट हाताला चटका बसेल इतके तापते. तापलेले लॅकर किंचित मऊ होते आणि फुगते, रात्री थंड होताना आकसते. वर वाळलेला थर असेल तर लॅकर त्याच्याच आकारात घट्ट होते आणि डाग गेला तरी ठसा राहतो. म्हणून ती त्याच दिवशी काढावी. काढताना जुने सुती फडके पाण्यात भिजवून डागावर दहा मिनिटे पसरून ठेवावे. उंबर, जांभूळ, करवंद खाणाऱ्या पाखरांच्या विष्ठेत बिया आणि खर असते. त्यामुळे फडके फिरवायचे नाही, डागासकट वर उचलायचे. राहिले तर पुन्हा ओले फडके ठेवायचे.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाला. त्याच्या बांधकामाच्या काळात आणि इतर रस्त्यांच्या कामांमुळे आपल्या गाड्यांवर दोन डाग नेहमीचे झाले, डांबराचे आणि सिमेंटचे. दारांच्या खालच्या भागात आणि मडगार्डमागे डांबराचे ठिपके बसतात. रॉकेल किंवा टर्पेंटाइन कापसाला लावून ठिपक्यावर दोन-तीन मिनिटे धरले की डांबर तपकिरी होऊन उतरते. मग साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुवावा. रबरी पट्ट्या रॉकेलने फुगतात, हेडलाइटच्या प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून त्यांना ते लागू देऊ नये. काम मोकळ्या हवेत करावे, आसपास विडी-काडी नको. पेट्रोल तर मुळीच वापरू नये. गावच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग झालेल्या भागाला थिनर लावू नये. तो रंग भट्टीत भाजलेला नसेल, तर थिनरने रंगच फडक्यावर येतो.

सिमेंटचा कालवा उडाला असेल तर ओला असतानाच भरपूर पाण्याने वाहवून टाकावा. सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. वाळले की रंगही खाते आणि काचही. वाळलेला ठिपका व्हिनेगरच्या पट्टीखाली मऊ करून थोडा थोडा काढावा लागतो. वॉशिंग सेंटरवर कोणी ‘अॅसिड मारू का’ असे विचारले तर ठाम नकार द्या. त्या अॅसिडने रंग, अॅल्युमिनियमची चाके आणि काम करणाऱ्या मुलाचे हात, तिन्हींना इजा होते.

बोअरवेलच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की काचेवर पांढरे गोल उमटतात. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. एक भाग व्हिनेगर, एक भाग पाणी असे मिश्रण पाच मिनिटे लावून धुतले की ते जातात. त्यानेही न जाणारे डाग बहुधा सिलिकाचे असतात. त्यांना आंबट चालत नाही, काचेच्या पॉलिशची पूडच लागते. धुतल्यावर लगेच पुसून घेतले तर हा डाग उमटतच नाही.

काचेचे आणखी एक दुखणे म्हणजे चिकटवलेल्या वस्तू. 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरील काळ्या फिल्मवर बंदी घातली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यायला हवा. त्या वर्षी लोकांनी फिल्म ओरबाडून काढल्या आणि काचेवर गोंदाचे पट्टे राहिले. फास्टॅग बदलताना, निवडणुकीचे किंवा यात्रेचे स्टिकर काढताना आजही तेच होते. गोंद उष्णतेने मऊ होतो. काच उन्हात तापू द्या, साबणाचे पाणी फवारा, वर प्लास्टिकचा कागद अर्धा तास चिकटवून ठेवा, मग एक कोपरा धरून सावकाश ओढा. उरलेल्या गोंदाला खोबरेल तेल चोळा आणि नंतर साबणाने धुवा. पुढच्या काचेवर ओले पाते तिरपे धरून वापरता येते. मागच्या काचेवर आतून तांबूस रेघा असतील तर पाते लावू नका. त्या काच तापवणाऱ्या तारा आहेत, एक तुटली तरी त्या ओळीवरचे धुके जात नाही.

दसऱ्याची पूजा आणि लग्नाची सजावट आपण आवडीने करतो आणि ती करावीच. फक्त हळदीकुंकवाचे स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढा. काचेत रंग मुरत नाही. हळदीचा डाग पडलाच तर कपडे धुण्याचा सोडा लावू नका, तो लालभडक होईल. साध्या पाण्याने धुऊन गाडी उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने विटतो. फुलांच्या माळांच्या चिकटपट्ट्या मात्र त्याच रात्री काढा.

हे सारे पाण्यावर येऊन थांबते. तानसा, वैतरणा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात. तानसा धरण 1892 मध्ये पुरे झाले, आणि आजही शहापूरच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी पाइप सोडून गाडी धुणे शोभत नाही. दोन बादल्यांत गाडी स्वच्छ होते. एकीत साबणाचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी घ्या. सावलीत, टपापासून खाली या, चाके शेवटी घ्या. आणि काळू किंवा भातसेच्या पात्रात गाडी उतरवून रॉकेल नि साबण सोडू नका. त्याच नदीवर खाली गुरे पितात आणि माणसेही पितात.

पावसाळा दाराशी आला आहे. जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी प्रत्येक गाडीवाल्याने एक काम करावे, ही माझी कळकळीची विनंती. भांड्याच्या साबणाने पुढची काच बाहेरून आणि आतून धुवा, धुराचा तेलकट थर जाऊ द्या, वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसा आणि कडक झाले असेल तर बदला. खर्च फार होत नाही. घाटात समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी काच पांढरी झाली, तर तुमच्या मागे बसलेल्या प्रवाशांचा भरवसा त्या काचेवरच असतो. तो भरवसा राखणे हे गाडीवाल्याचे कर्तव्य आहे.