स्वच्छ ऊर्जेची भागीदारी : कोणाशी आणि कोणासाठी?

(अंकुशनगर, जि. जालना येथील भाषणाचा मजकूर)



स्वच्छ ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय भागीदारीचे करार राजधान्यांत होतात; त्यांची कसोटी मात्र अंबड तालुक्यातील अंकुशनगरसारख्या ठिकाणी लागते. समर्थ सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. बगॅसपासून वीज आणि मळीपासून इथेनॉल ही साखर धंद्याची नवी मिळकत आहे. तिच्यामागे शेतकऱ्याचे भागभांडवल आणि ऊसतोड मजुराचे श्रम उभे आहेत.

९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत जी-२० परिषदेच्या वेळी भारत, अमेरिका व ब्राझील यांच्या पुढाकाराने जागतिक जैवइंधन आघाडी जाहीर झाली. त्यास तीन महिने पुरे होण्याच्या आतच, ७ डिसेंबरला, केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. पुढे ती अंशतः शिथिल झाली व ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या हंगामासाठी उठली. अवर्षणाच्या वर्षात साखरेचा भाव आवरणे गैर नव्हे. परंतु सरकारच्याच आवाहनावरून कर्ज काढून आसवन्या उभारणाऱ्यांवर त्याचा सारा भार टाकणे हा न्याय नव्हे. ब्राझीलने १९७५ साली अल्कोहोल इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००३ पासून कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या मोटारी तेथे विक्रीस आल्या. ब्राझीलकडून घ्यावयाचे ते हे दीर्घ पल्ल्याचे धोरण.

दुसरा धडा पुण्याच्या सुझलॉनचा. १९९५ साली निघालेल्या या कंपनीने पवनचक्क्यांचे तंत्र प्रथम जर्मनीतून घेतले आणि २००७ मध्ये रीपॉवर ही जर्मन कंपनीच ताब्यात घेतली. कर्जाच्या ओझ्याखाली २०१५ साली ती विकावी लागली. परदेशी कारखाना विकत घेतल्याने स्वावलंबन येत नाही, हेच त्यातून दिसले.

देशात कर्तृत्वाची वाण नाही. पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पाचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे आहे. ऊस पाणी पितो आणि मराठवाडा तहानलेला आहे; म्हणून येथील संशोधनाचा रोख जालन्याच्या शेतांत जळून जाणाऱ्या पऱ्हाट्यांकडे वळला पाहिजे. परदेशी सहकार्य हवे ते अशा कामासाठी.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव तीन मागण्या मांडाव्यात. इथेनॉलच्या दराची व परवानगीची हमी किमान पाच वर्षांची असावी. प्रत्येक परदेशी करारात यंत्रांची बांधणी व दुरुस्ती येथेच शिकविण्याची अट असावी आणि ते ज्ञान सहकारी कारखान्यांना खुले असावे. वीज व इथेनॉलच्या उत्पन्नातील ठरीव वाटा ऊस उत्पादकाला आणि तोडणी मजुराला मिळावा.

राष्ट्रांची भागीदारी जरूर व्हावी. मात्र फडात कोयता चालविणाऱ्याला जिच्यात भाग नाही, ती भागीदारी नव्हे. तो निव्वळ व्यापार होय.