शिष्यवृत्तीवर युरोपांत दोन वर्षें
(महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंतील भाषण)



महोत्सव-समितीनें परदेशांतील उच्च शिक्षणाविषयीं बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हां मीं प्रथम क्षमा मागितली होती. विषय मोठा आणि माझा अनुभव लहान. परंतु त्याच आठवड्यांत एका परिचित घरीं जाण्याचा योग आला. तेथील मुलाला युरोपांतून मास्टर्सच्या वर्गांत प्रवेश दिल्याचें पत्र आलें होतें. पेढे वांटून झाले होते, आणि वडील वाडीचा एक तुकडा गहाण टाकण्याच्या खटपटीस लागले होते. मीं पत्र वाचून पाहिलें. प्रवेश दिल्याचें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. शिष्यवृत्तीचा मात्र उल्लेख नव्हता. तो नसल्याचा अर्थ काय, हें त्या घरांत कोणीं कोणाला विचारलेंच नव्हतें. घरीं परतल्यावर मीं समितीला होकार कळविला.

त्या मुलानें ज्या शिष्यवृत्तीसाठीं अर्ज केला होता तिचें नांव इरॅस्मस मुंडुस. युरोपीय संघ ती देतो. पदवीनंतरच्या अभ्यासासाठीं ती मिळते, आणि फी, विमा व राहण्याजेवण्याचा खर्च हें सर्व तींतून भागतें. मूळची इरॅस्मस योजना १९८७ सालीं निघाली, ती युरोपांतल्या विद्यार्थ्यांनीं एका देशांतून दुसऱ्या देशांत जाऊन शिकावें म्हणून. २००४ सालीं मुंडुस ही नवी शाखा निघाली आणि इतर खंडांतील विद्यार्थ्यांनाही दार उघडलें. मुंडुस म्हणजे लॅटिन भाषेंत जग. हिचा लाभ घेणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक बराच वरचा असतो. आपल्या गांवांतून जाणारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच.

ज्याचें नांव या शिष्यवृत्तीला आहे तो डेसिडेरिअस इरॅस्मस हा रॉटरडॅमचा धर्मगुरु व महापंडित. ज्यांना १९३५ सालीं संतपद मिळालें त्या सर टॉमस मोर यांचा तो जिवलग मित्र. १५१६ सालीं त्यानें नव्या कराराची ग्रीक संहिता छापून प्रसिद्ध केली, हें आपल्यापैकीं कित्येकांस ठाऊक असेल. त्याच्या विद्यार्थिदशेची गोष्ट तितकी परिचित नाहीं. १४९५ सालीं कांब्रेच्या बिशपांनीं त्याला पॅरिसला शिकावयास जाऊं दिलें व खर्चासाठीं पैसे देण्याचें वचन दिलें. पैसे आले ते अपुरे. माँतेग्यू कॉलेजांतल्या गलिच्छ खोल्या आणि नासकीं अंडीं यांनीं त्याची प्रकृति बिघडली, आणि ती तक्रार त्यानें उतारवयांतही लिहून ठेविली. पोटासाठीं त्याला सधन घरच्या मुलांच्या शिकवण्या धराव्या लागल्या. अर्धवट शिष्यवृत्तीवर परदेशीं शिकण्याचे हाल ज्यानें भोगले, त्याचेंच नांव या पुऱ्या शिष्यवृत्तीला असावें, यांत मला तरी थोडी गंमत वाटते.

आतां ती पुरी कशी, तें सांगतें. हे अभ्यासक्रम एकटें विद्यापीठ चालवीत नाहीं. निरनिराळ्या देशांतील विद्यापीठें मिळून ते चालवितात, आणि विद्यार्थ्याला निदान दोन देशांत राहून शिकावें लागतें. मी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला होतें. त्यांत पहिलें वर्ष सर्वांनीं डेन्मार्कमधील ऑर्हूस येथें काढावयाचें, आणि दुसऱ्या वर्षीं ॲमस्टरडॅम, प्राग, लंडन अशा शहरीं पांगावयाचें, अशी रचना होती. जंगलें, समुद्रजीव, अन्नशास्त्र अशा कितीतरी विषयांचे असे अभ्यासक्रम आहेत. कायदा व अर्थशास्त्र यांच्या एका अभ्यासक्रमांत तर गोरेगांवची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था भागीदार राहिलेली आहे. म्हणजे आपण तिकडे जाण्यास धडपडावें आणि तिकडच्या मुलांनीं शिकावयास गोरेगांवला यावें!

मी गेलें तेव्हां दरमहा १,००० युरो मिळत, आणि प्रवासखर्च निराळा. २०२१ सालापासूनच्या नियमांप्रमाणें दरमहा १,४०० युरो, फार तर २४ महिने, अशी रक्कम ठरली; दोन वर्षांचे ३३,६०० युरो झाले. विमानाचें तिकीट, व्हिसा, खोलीची अनामत हें सर्व त्यांतूनच करावयाचें. फीचा एक युरोही द्यावा लागत नाहीं. शिष्यवृत्तीचें पत्र व्हिसाच्या कचेरींत दाखविलें कीं, बँकेंत लाखों रुपये शिल्लक असल्याचा पुरावा सहसा मागत नाहींत.

अर्जाचा निकाल चार तऱ्हांनीं लागतो. शिष्यवृत्तीसह प्रवेश, राखीव यादींत नांव, म्हणजे वरच्या कोणीं नको म्हटल्यास आपली पाळी, शिष्यवृत्तीवांचून प्रवेश, आणि नकार. यांतलें तिसरें पत्र फसवें. तें खोटें नसतें. ज्याला परवडेल त्यानें खुशाल जावें. पण त्याची भाषा गोड असते, आरंभीं अभिनंदन असतें, आणि फीचा आकडा खालीं कोठेंतरी असतो. त्यासाठीं वाडी गहाण टाकण्यापेक्षां पुढल्या वर्षीं पुन्हां अर्ज करावा, असें माझें स्पष्ट मत आहे. शिष्यवृत्तीला वयाची अट नाहीं. मलाही पहिल्या वर्षीं नकारच आला होता.

तो कां आला, हें सांगण्यास आज लाज वाटत नाहीं. अर्जासोबत, हाच अभ्यासक्रम आपणांस कां हवा, असें एक पत्र लिहावें लागतें. मीं लिहिलें कीं, लहानपणापासून मला जग पाहण्याची इच्छा आहे, युरोपची संस्कृति थोर आहे, आणि मला समाजाची सेवा करावयाची आहे. हें कोणीही लिहूं शकतें. दुसऱ्या वर्षीं माझ्या एका अध्यापकांनीं तें पत्र वाचलें आणि म्हणाले, "बाई, यांत तूं कोठें आहेस?" मग मीं आमच्या गांवच्या विहिरींविषयीं लिहिलें. त्यांचें पाणी खारें होऊं लागलें, त्याची बातमी कोणत्या वर्तमानपत्रांत किती ओळींची आली, कोणत्या पत्रांत मुळींच आली नाहीं, बातमीदार गांवांत कोणाला भेटला आणि कोणाला भेटला नाहीं, हें सर्व मीं जमविलेलें होतें. परदेशांत अशा बातम्यांचा अभ्यास कोणत्या रीतीनें करितात तें मला शिकावयाचें आहे, आणि तुमच्या अमुक वर्गांत तें शिकवितात, एवढेंच त्या पत्रांत होतें. गुण तेच, प्राध्यापकांचीं शिफारसपत्रेंही त्यांचींच. बदललें होतें तें हें एक पान. आमचीं मुलें आपल्या गांवाविषयीं लिहिण्यास संकोचतात. परीक्षकांना गांवंढळ वाटेल, अशी त्यांना भीति असते. माझा अनुभव नेमका उलट आहे.

शिफारसपत्रें मात्र वेळेवर मागावीं. प्राध्यापक भले असतात, पण विसरतात; मुदतीपूर्वीं दोन महिने सांगावें आणि मग नम्रपणें आठवण देत राहावें. गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रतींनाही आठवडे लागतात. आणि एक खास आपल्या घरांतली अडचण. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आडनांवाचें एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरें आणि पासपोर्टवर तिसरें, असें आपल्याकडे सर्रास असतें. तें आजच उघडून पाहा. प्रवेश मिळाल्यावर ही दुरुस्ती करीत बसणें म्हणजे रात्रीची झोप गमावणें होय.

बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या अवधींत घेतात, आणि वर्ग पुढल्या ऑगस्ट-सप्टेंबरांत सुरू होतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यानेंही अर्ज करावा. इंग्रजीची परीक्षा बहुधा द्यावी लागते. आपली तीन वर्षांची पदवी कांहीं अभ्यासक्रमांना चालते, कांहींना नाहीं. प्रत्येकाचे नियम त्याच्या संकेतस्थळावर वाचावेत. अर्ज विद्यार्थ्यानें स्वतः थेट करावयाचा असतो. मध्यस्थाला पैसे मोजण्याचें कांहींच कारण नाहीं.

तेथील आयुष्याविषयीं फार बोलत नाहीं; फोटो सर्वांनीं पाहिलेलेच आहेत. फोटोंत न दिसणारी एक गोष्ट सांगतें. डेन्मार्कमध्यें उतरल्यावर प्रथम सरकारी नोंदणी-क्रमांक मिळवावा लागतो. तो मिळेपर्यंत बँकेंत खातें उघडत नाहीं, आणि खातें नाहीं तोंवर शिष्यवृत्ति जमा होत नाहीं. माझे कागद एका कचेरींत अडकले आणि पहिले पांच आठवडे मीं घरून नेलेल्या पैशांवर काढले. मोठ्या मावशीनें निघतांना हातांत कोंबलेलें पाकीट मी नको म्हणत होतें; त्याच पैशांनीं त्या महिन्याचें भाडें भरलें. पुऱ्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यानेंही दीड-दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेवावा. डिसेंबरांत ऑर्हूसला चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. त्या काळोखांत एकटेपणा अंगावर येतो, आणि तो आजार नव्हे, हें आधीं ठाऊक असलेलें बरें. तेथें कॅथॉलिक लोक थोडे. रविवारच्या मिस्साला पोलिश, व्हिएतनामी, फिलिपिनो आणि श्रीलंकेचे तमिळ अशी मंडळी एकत्र येत. मिस्सानंतर एका तमिळ बाईंनीं मला घरीं नेऊन भात वाढला, तो मी विसरलें नाहीं.

आईबापांचा एक प्रश्न माझ्याजवळ नेहमीं येतो: मूल परत येईल काय? परत आलेंच पाहिजे असें बंधन ही शिष्यवृत्ति घालीत नाहीं. माझ्या वर्गांतले कित्येक तिकडेच राहिले. मी आलें, कारण मला जें लिहावयाचें होतें तें इकडे होतें. यांत माझा मोठेपणा नाहीं, आणि न आलेल्यांचा दोषही नाहीं. मात्र जाण्यापूर्वीं मुलानें व आईबापांनीं याविषयीं एकमेकांशीं मोकळेपणानें बोलावें. तें बोलणें विमानतळावर होत नाहीं.

ज्या मुलाच्या पत्रानें या भाषणाचा आरंभ झाला, त्यानें तो प्रवेश सोडला आहे. वाडी गहाण पडली नाहीं. येत्या ऑक्टोबरांत तो पुन्हां अर्ज करणार आहे आणि त्याच्या पत्राचा पहिला मसुदा माझ्या टेबलावर आहे. अजून त्यांतही युरोपची संस्कृति थोरच आहे. ज्यांना आपले कागद दाखवावयाचे असतील त्यांनीं रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या खालच्या वर्गांत यावें. गुणपत्रिका, पासपोर्ट आणि बाप्तिस्म्याचा दाखला बरोबर आणावा.