तंजावरची नवी घरं आणि कावेरीचं पाणी

तंजावरच्या राजवाड्याभोवती चार राजवीथी आहेत आणि त्यांच्याही भोवती जुन्या किल्ल्याचा खंदक. १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी इथेच होती. शहर खंदक ओलांडून बाहेर पडलं त्याला फार काळ लोटला. २०११ च्या जनगणनेत तंजावरची वस्ती सुमारे सव्वादोन लाख होती आणि २०१४ मध्ये तिथे महानगरपालिका आली. आता भोवतालच्या भातशेतांत भूखंडांचे दगड रोवलेले दिसतात, शेजारी कुठल्या तरी नव्या 'नगर'ची पाटी असते. गावकऱ्यांनी हरकत घेतली की ते विकासाच्या आड येतात असं म्हटलं जातं. माझं मत वेगळं आहे. या लोकांची मुख्य तक्रार पाण्याच्या वाटा बुजण्याबद्दल आहे, आणि ती रास्त आहे.

कावेरीच्या खोऱ्यातलं शेत कसं भिजतं हे समजल्याशिवाय ही तक्रार कळायची नाही. कावेरी आणि वेण्णार, शहराच्या उत्तर अंगाने जाणारी वडवार, दक्षिणेकडून १९३४ च्या सुमारास मेट्टूर धरणाबरोबर पुरा झालेला ग्रँड अनिकट कालवा, या सगळ्यांतून लहान लहान पाट फुटतात. तमिळमध्ये त्यांना वायक्काल म्हणतात. पाटाचं पाणी वरच्या शेतात शिरतं, ते भरलं की खालच्या शेतात उतरतं, आणि ईशान्य मोसमी पावसात जादा पाण्याचा निचराही असाच, उतारानेच होतो. म्हणजे प्रत्येक शेत पाणी घेणारंही असतं आणि पुढे देणारंही. मधल्या एका मालकाने दोन एकर भर घालून विकले तर वरचा शेतकरी तुंबतो, खालचा कोरडा पडतो. 'माझी जमीन, मी विकीन' हा हक्क इथे अपुरा पडतो तो याच कारणाने. जमीन एकाची असली तरी तिच्यावरून जाणारं पाणी शंभरांचं असतं. हे शहाणपण शहरालाही ठाऊक होतं. बृहदीश्वर मंदिराच्या प्रांगणात पडलेला पाऊस शेजारच्या शिवगंगा तळ्यात जाई आणि तळं भरलं की जमिनीखालच्या वाटेने अय्यनकुळम तळ्यात उतरे. ही वाट अलीकडे पुन्हा शोधून मोकळी करावी लागली.

कायद्याचं काय, असं कुणी विचारील. २०२० मध्ये तमिळनाडूने कावेरी खोऱ्यासाठी संरक्षित शेतीक्षेत्राचा कायदा केला. तेल आणि वायूसाठी नव्या विहिरी, धातू वितळवण्याचे कारखाने, चामड्याचे उद्योग यांना त्याने मनाई केली. २०२३ मध्ये याच जिल्ह्यातल्या वडसेरीच्या कोळसापट्ट्याचा लिलाव निघाला, तोही लोकांच्या विरोधापुढे मागे घ्यावा लागला. कायद्याने मना केलेल्या उद्योगांच्या यादीत घरांचे भूखंड मात्र नाहीत. तेलविहिरीविरुद्ध सारं खोरं उठतं, भूखंड मात्र एक एक करून गुपचूप पडत जातात. मद्रास उच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०१६ रोजी बिनमंजुरीच्या भूखंडांची नोंदणी थांबवली, तेव्हा राज्यभर केवढी खळबळ माजली! पुढच्याच वर्षी सरकारने नियम करून, २० ऑक्टोबर २०१६ पूर्वी विकले गेलेले भूखंड शुल्क भरून नियमित करून घ्यायची मुभा दिली. शुल्क भरल्याने बुजलेला पाट काही उघडत नाही. आधी भूखंड पाडा, मग नियमित करा, अशी सवय लागली की नियम पाळणारा मूर्ख ठरतो, आणि हे मला फार घातक वाटतं.

सगळ्यात जड आक्षेप शेतकऱ्याचाच आहे. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडायचा रिवाज. पण २०१२ पासून २०१९ पर्यंत एकाही वर्षी ते त्या दिवशी सुटलं नाही. कुरुवैचं, म्हणजे जूनच्या या पाण्यावरच्या भाताचं, पीक हातचं गेलं, कर्ज वाढलं, मुलं शहरात नोकरीला लागली. असा माणूस जमीन विकतो, त्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण यातून निघतं ते एवढंच की त्याला पाणी वेळेवर आणि भाताला भाव मिळाला पाहिजे. त्याच्या अडचणीची किंमत खालच्या शेजाऱ्याने का द्यावी?

दुसरा आक्षेप असा की विरोध करणाऱ्यांना स्वतःची घरं आहेत, बाकीच्यांनी कुठे राहावं? हा प्रश्न खरा आहे आणि विरोधकांनी तो टाळू नये. गोव्यात २००७ च्या सुरुवातीला लोकांनी प्रादेशिक आराखडा रद्द करायला लावला, पण घरं कुठे व्हावीत यावरचा वाद तिथे अजून मिटलेला नाही. तंजावरला उत्तर देणं त्या मानाने सोपं आहे. नैर्ऋत्येला वल्लमकडची जमीन उंच, मुरमाड आहे. १९८१ मध्ये तमिळ विद्यापीठासाठी त्याच अंगाची विस्तीर्ण जागा निवडली गेली. घरं तिकडे व्हावीत, बस आणि पाणी तिकडे आधी न्यावं. शिवाय विकलेल्या कित्येक भूखंडांवर घर उभंच राहत नाही. पैसा गुंतवून ठेवलेला असतो आणि गवत माजतं. गरजूंचं नाव पुढे करून ही खरेदी-विक्री झाकता येणार नाही.

गरजू कोण, हे पाहायचं तर पुन्हा किल्ल्याच्या खंदकाकडे वळावं. स्मार्ट सिटी योजनेच्या काळात खंदकाकाठची गरिबांची घरं हटवली गेली, रहिवाशांनी विरोध केला तरी. खंदक ही पाण्याची जागा आहे, हे कारण मला मान्य आहे. मग तेच कारण मंजुरी मिळवून पाटावर बसलेल्या वसाहतीलाही लागू झालं पाहिजे, आणि हटवलेल्यांना गावाबाहेर लांब टाकण्याऐवजी कामाच्या जवळ घर मिळालं पाहिजे. कोणत्याही नव्या वसाहतीचा नकाशा मंजुरीआधी ग्रामसभेपुढे यावा, त्यावर एकूण एक पाट काढलेला असावा, आणि खालच्या शेतकऱ्यांची हरकत लेखी घेतल्याशिवाय एकाही भूखंडाची नोंदणी होऊ नये.